नेट गेलं? आधी गॅलरीत येऊन बघा

लाइट गेली की आपण काय करतो, तर आधी गॅलरीत येतो आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये आहे का ते बघतो. तिकडेही अंधार असेल तर निवांत, सगळ्यांचीच गेलीय, येईल. तिकडे लखलखाट असेल तर दार उघडून जिन्यात डोकवायचं, जिन्यातला बल्ब चालू आहे म्हणजे बिल्डिंगची आहे, फक्त आपलीच गेलीय, मग घरातला एमसीबी बघायचा, पडला असेल तर वर करायचा. हे कुणी शिकवत नाही, लहानपणापासून बघून बघून येतं. पण तोच माणूस नेट गेलं की काय करतो? मोडेम बंद-चालू करतो, नाही झालं तर परत बंद-चालू करतो, मग त्या डब्याला एक टपली मारतो आणि शेवटी कस्टमर केअरला फोन लावून अर्धा तास ते म्युझिक ऐकत बसतो.

आमची बिल्डिंग कांदिवलीला, चार मजली, लिफ्ट नाही, आणि मी तळमजल्यावर, त्यामुळे कुणाचंही नेट गेलं की येताजाता माझीच बेल वाजते. मी नेटवर्क इंजिनियर वगैरे कोणी नाही, बँकेत नोकरी करतो, पण इतकी वर्षं लोकांच्या टीव्हीमागे टॉर्च घेऊन वाकून वाकून एवढं कळलंय की निम्म्याहून जास्त काम हे तुटलंय कुठे ते शोधण्यातच असतं. आणि ते शोधायची रीत तीच, लाइटवाली.

आधी जरा मागे जाऊ, कारण मोडेम या शब्दातच सगळं आहे. मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर, दोन्हींचे तुकडे जोडून मोडेम. कॉम्प्युटरला कळतात शून्य आणि एक, टेलिफोनच्या तारेला कळतो फक्त आवाज, म्हणून हा डबा शून्य-एकचा आवाज करून तारेत सोडायचा आणि पलीकडचा डबा आवाजाचे परत शून्य-एक करायचा. ज्यांनी डायल-अप वापरलंय त्यांच्या कानात ती किर्र-टुंग-खर्र अजून असेल, ती म्हणजे दोन मोडेमची एकमेकांशी ओळखपरेड, किती वेगात बोलायचं ते ठरवायची. व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि पुढे सगळ्यात चांगला डायल-अप मोडेम आला तोही ५६ केबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला फार तर ७ किलोबाइट. पाच एमबीचं एक गाणं उतरवायला बारा मिनिटं, तीही नशीब चांगलं असेल तर, कारण तेवढ्यात आतल्या खोलीत आईने पॅरलल फोन उचलला की खेळ खल्लास. कॉल वेटिंगचा टूं टूं आला तरी लाइन तुटायची.

मग एमटीएनएलचं ब्रॉडबँड आलं, तार तीच तांब्याची, पण युक्ती अशी की माणसाचा आवाज तारेत खालच्या चार किलोहर्ट्झमध्येच मावतो, वरची जागा रिकामीच पडलेली असते, तिथून नेट सोडायचं. म्हणून फोन आणि नेट एकत्र चालायला लागलं आणि भिंतीवर ती छोटी डबी आली, स्प्लिटर, जी दोघांना वेगळं करते. तुमच्याकडे अजून तांब्याची लाइन असेल तर सगळ्यात भारी टेस्ट फुकट आहे, फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावा. खरखर येतेय? मग नेटचं दुखणं तिथेच आहे, कॉम्प्युटरला हात लावू नका. पावसाळ्यात कुठल्यातरी खांबावरच्या जॉइंटमध्ये पाणी जातं आणि ही खरखर सुरू होते.

आता हल्लीचं. मुंबईत घरी नेट येतं ते मुख्यतः दोन तऱ्हांनी आणि आपल्याकडे यातलं कुठलं आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, तर डब्यामागे वाकून बघा. एक, बारीक वायर, टोकाला निळा किंवा हिरवा चौकोनी प्लग, ही फायबर, आत काचेचा तंतू आणि त्यातून प्रकाश येतो. दुसरी, जाडसर वायर, टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा प्लग, टिक करून बसतो, गच्चीवरून खिडकीतून आत आलेली, ही लॅनची वायर, केबलवाल्याची. या दुसऱ्या प्रकारात तुमच्या घरी मोडेम नसतोच, जो डबा आहे तो फक्त राऊटर, म्हणजे आलेलं नेट घरातल्या यंत्रांना वाटणारा, आणि खरी भानगड गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या पत्र्याच्या पेटीत. लोक सगळ्यालाच मोडेम म्हणतात, म्हणू देत, मीही म्हणतो, पण दुरुस्त करताना हा फरक लक्षात ठेवा.

फायबरवाल्यांसाठी दोन दिवे. पीओएन लिहिलेला हिरवा आणि स्थिर असेल तर कंपनीपर्यंतचा रस्ता चालू आहे. तोच लुकलुकत राहिला तर डबा ओळख पटवायचा प्रयत्न करतोय पण जमत नाहीये. आणि एलओएस लाल झाला तर विषय संपला, प्रकाशच पोचत नाहीये, मग तुम्ही विंडोज परत टाकलं, अँटीव्हायरस काढला, उदबत्ती लावली तरी काही होणार नाही. एवढा एक लाल दिवा ओळखता आला तरी तुमचा एक अख्खा रविवार वाचतो. अशा वेळी मागचा प्लग नीट बसलाय का बघा, आणि वायर कुठे मुरगळली नाहीये ना ते बघा. या काचेच्या तंतूचा प्रकाश वाहणारा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या एका बारक्या हिश्शाएवढा, आणि वायर फार वाकवली की प्रकाश वळणावरून बाहेर सांडतो, तुटायची पण गरज नाही. माझं माप असं आहे, बांगडीएवढा गोल चालतो, अंगठीएवढा नाही. प्लग काढलात तर टोकाला बोट लावू नका, धुळीचा एक कण पण पुरतो, आणि त्या टोकात डोळा घालून प्रकाश येतोय का ते बघू नका, तो इन्फ्रारेड असतो, दिसणार काहीच नाही आणि डोळ्याला बरा नाही.

आता गॅलरीची टेस्ट इथे कशी, तर फायबरमध्ये एका मुख्य तंतूचे वाटे पाडून तो ३२ किंवा ६४ घरांना वाटलेला असतो. म्हणून शेजारी ज्यांच्याकडे तुमचीच कंपनी आहे त्यांना विचारा. त्यांचाही लाल? बाहेर खोदकाम झालंय किंवा पेटीत काहीतरी झालंय, चहा टाका. त्यांचा हिरवा आणि तुमचाच लाल? मग गडबड जिन्यातल्या पेटीपासून तुमच्या डब्यापर्यंतच्या त्या वीस-तीस मीटरमध्ये आहे. बघा, एका प्रश्नात किती जागा कमी झाली.

इथे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची गोष्ट सांगायलाच हवी. त्यांचं नेट रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला एलओएस लाल होऊन जायचं आणि पंधरा-वीस मिनिटांनी आपलं आपण यायचं. कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला, दर वेळी सकाळी अकराला, तेव्हा अर्थात सगळं हिरवंगार. त्याने डबा बदलला, ॲडॉप्टर बदलला, नंतर म्हणाला संध्याकाळी ट्रॅफिक जास्त असतं काकू. आता ट्रॅफिकने नेट स्लो होईल हो, पण दिवा लाल कसा होईल? काकूंनी कॅलेंडरवर वेळा लिहून ठेवल्या होत्या, दुधाच्या हिशोबाशेजारीच, सात पाच, सहा पन्नास, सात दहा. हे फार कामाचं असतं, कारण ठरावीक वेळेला जाणारं नेट कंपनीत जात नसतं, ते बहुतेक वेळा घरातल्या किंवा बिल्डिंगमधल्या कुठल्यातरी सवयीमुळे जातं. माझ्या मामेभावाकडे मालाडला केबलवाल्याची लाइन आहे, तिथे रोज सकाळी साडेसहाला नेट बंद आणि संध्याकाळी परत चालू. निघालं काय, तर गच्चीवरच्या पेटीला करंट दिला होता जिन्याच्या दिव्यांच्या लाइनवरून, आणि वॉचमन सकाळ झाली की इमानदारीत जिन्याचे दिवे बंद करायचा. काकूंचं काय निघालं ते शेवटी सांगतो.

बंद-चालू करण्यावर मी हसलो खरा, पण ते करावंच, फक्त नीट करावं. त्या डब्यात पण एक छोटा कॉम्प्युटरच असतो, दिवसेंदिवस चालू राहिला की त्याची मेमरी भरते, कधी कंपनीकडचं लॉगिन अर्धवट अडकून पडतं. बटणावरून नाही, प्लग काढा, अर्धा-एक मिनिट थांबा म्हणजे आतले कपॅसिटर रिकामे होतील, मग मोडेम वेगळा असेल तर आधी तो लावा, दोन मिनिटं त्याला स्थिर होऊ द्या, मग राऊटर, मग कॉम्प्युटर. घाई करून सगळं एकदम लावलं की राऊटर उठून बघतो तर मोडेम अजून झोपलेला, आणि काही राऊटर मग हट्टाने तसेच बसून राहतात.

पण मागे जे टाचणीएवढं भोक असतं, रिसेट लिहिलेलं, त्यात पिन घालू नका. मामेभावाने घातली. आधी सांगितलं ते गच्चीच्या पेटीचं प्रकरण चालू असतानाच, वैतागून, आईच्या पदराची सेफ्टी पिन काढून. ते भोक म्हणजे बंद-चालू नाही, ते डबा कारखान्यातून आला तसा कोरा करतं, म्हणजे वायफायचं नाव-पासवर्ड तर जातोच, पण कंपनीचं युजरनेम-पासवर्ड, ज्याच्यावर नेटचं लॉगिन होतं, ते पण पुसलं जातं. आणि ते माहीत होतं फक्त केबलवाल्याच्या पोऱ्याला, आणि तो गणपतीला कोकणात गेलेला, तिकडे त्याला रेंज नाही. अख्खा गणपती घरात नेट नाही. तर ते युजरनेम आजच विचारून घ्या आणि डब्याच्या बुडाला चिठ्ठी चिकटवून ठेवा.

ॲडॉप्टर हा एक छुपा रुस्तम. सगळे दिवे लागलेले, पण दोघांनी एकदम व्हिडिओ लावला की राऊटर गपकन रिस्टार्ट होतो, असं असेल तर ॲडॉप्टर थकलाय, कमी कामाला करंट पुरतो, जास्तीला नाही. दुसरा लावताना त्यावरचे व्होल्ट डब्यावर लिहिलेत तेवढेच हवेत, अँपियर तेवढे किंवा जास्त चालतात. पिन बसते म्हणून सेट टॉप बॉक्सचा काढून लावू नका.

समजा मोडेमचे दिवे सगळे व्यवस्थित आहेत आणि तरी नेट नाही. मग आता घरात शिरायचं. एक गैरसमज आधी काढतो, वायफायच्या काड्या फुल आहेत म्हणजे नेट आहे असं नाही. त्या काड्या फक्त तुमचा लॅपटॉप आणि राऊटर यांच्यातल्या दहा फुटांबद्दल सांगतात. दारात रिक्षा उभी आहे, मीटर टाकलाय, पण हायवेवर पाणी भरलंय, असं ते असतं. मोबाइलवर त्याच वायफायने नेट चालतंय आणि कॉम्प्युटरवर नाही, असं असेल तर दोष कॉम्प्युटरचा, दोन्हीवर नाही तर राऊटर किंवा पुढचं.

कॉम्प्युटरचा दोष असेल तर विंडोजमध्ये सर्चमध्ये सीएमडी टाका, काळी खिडकी उघडते, घाबरायचं काही नाही, त्यात आयपीकॉन्फिग असं सलग टाईप करून एंटर मारा (अक्षरं-आकडे अर्थात इंग्रजीतच). आयपीव्ही४ समोर १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसला तर सहसा राऊटरने पत्ता दिलाय, चांगलं आहे. १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर कॉम्प्युटरने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, मग त्याने स्वतःच एक मनाने घेतला. म्हणजे कॉम्प्युटर आणि राऊटर यांच्यातच बोलणं नाहीये, वायर बघा, वायफाय विसरून परत जोडा, कस्टमर केअरला या बाबतीत काही म्हणजे काही करता येणार नाही.

पत्ता ठीक असेल तर पिंग. पिंग म्हणजे हाक मारून बघणं, ओ देतोय का. त्याच काळ्या खिडकीत पिंग टाईप करायचं, एक जागा सोडून पत्ता टाकायचा आणि एंटर. पहिली हाक राऊटरला, त्याचा पत्ता तिथेच डिफॉल्ट गेटवे म्हणून दिसतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. ओ आली की दुसरी हाक बाहेर, ८.८.८.८ ला, हा गूगलचा सर्व्हर आहे, लक्षात ठेवायला सोपा म्हणून जगभर लोक त्यालाच हाका मारतात. राऊटर ओ देतो आणि ८.८.८.८ गप्प, तर घरातलं सगळं ठीक, पुढचा रस्ता बंद. आणि दोन्ही ओ देतात पण वेबसाइट काही उघडत नाही, तर हा डीएनएसचा घोळ. वेबसाइटला आपण नावाने ओळखतो, नेट आकड्यांनी, मध्ये एक जण नावावरून आकडा सांगतो तो डीएनएस, आपल्या वॉचमनसारखा, अमुक कुठे राहतात, बी विंग तीनशे दोन. वॉचमन जागेवर नसला तर माणूस घरी असूनही पाहुणा गेटवरच. कंपनीचा वॉचमन सारखा गायब असेल तर नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका, दुसरा क्लाउडफ्लेअरचा आहे, दोन्ही फुकट.

जुना डेस्कटॉप असेल तर अजून एक गंमत, पिंग वगैरे सगळं होतं पण प्रत्येक साइट म्हणते की कनेक्शन सुरक्षित नाही. घड्याळ बघा. मदरबोर्डवर नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२, तो संपला की पीसी बंद केल्यावर तारीख कुठेतरी मागे जाऊन पडते, आणि वेबसाइटच्या प्रमाणपत्राची तारीख जुळत नाही म्हणून ब्राउझर दारातूनच परत पाठवतो. सेल घड्याळवाल्याकडे मिळतो. एका रिटायर्ड काकांचा पीसी फॉरमॅट करायला कोणीतरी पैसे घेऊन बसला होता, तो असा वाचला.

नेट आहे पण स्लो, ही वेगळी तक्रार. यात आधी हिशोब, शंभर एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे शंभर मेगाबिट, आणि फाइल मोजतात बाइटमध्ये, आठ बिटांचा एक बाइट, म्हणून डाउनलोड साडेबाराच दिसणार, कंपनीने फसवलं नाही. पण तीनशेचा प्लॅन आहे आणि वायर लावून स्पीड टेस्ट केली तरी आकडा ९४-९५ च्या वर हलतच नाही, हे मात्र ओळखीचं लक्षण. लॅनच्या वायरीत आत आठ तारा असतात. शंभरच्या स्पीडला त्यातल्या चारच लागतात, हजारच्या स्पीडला आठही. उरलेल्या चारातली एक जरी उंदराने कुरतडली किंवा प्लगमध्ये नीट चिमटली गेली नाही, की दोन्हीकडची यंत्रं गुपचूप शंभरवर समझोता करतात. नेट बंद पडत नाही म्हणून कुणाला कळत नाही, वर्षानुवर्षं लोक तीनशेचे पैसे भरून शंभर वापरतात. वायर किंवा प्लग बदला. राऊटरचाच पोर्ट जुना, शंभरवाला असेल तर राऊटर बदलावा लागेल.

वायफायवर स्लो आणि वायरवर झकास असेल तर मुंबईतलं कारण एकच, गर्दी. वायफायच्या २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न घासणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या हॉलमध्ये फोन उघडला तर पंचवीस-तीस वायफाय दिसतात, विरारची साडेआठची लोकलच ती. वर मायक्रोवेव्ह पण त्याच पट्ट्यात चालतो. ५ गीगाहर्ट्झचा पट्टा वापरा, तिथे जागा भरपूर, फक्त तो भिंतीला लवकर हरतो, म्हणून डबा लोखंडी कपाटामागे, चपलांच्या रॅकमध्ये किंवा फिश टँकशेजारी नको, उंचावर आणि उघड्यावर हवा. बायकोला दिसायला आवडत नाही हे मान्य आहे, आमच्याकडेही यावर तोडगा निघालेला नाही.

आणि कधीकधी खरंच कुणाचा दोष नसतो. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालून परदेशी जाणाऱ्या केबल येऊन लागतात, ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अशा केबल तुटल्या तेव्हा भारतभर नेट रडत होतं आणि इथे लोक मोडेमला शिव्या देत होते. भारतातल्या साइट पटापट आणि बाहेरच्या कासवाच्या गतीने, असं दिसलं तर डब्याला टपली मारू नका, बिचाऱ्याचा संबंध नाही.

तक्रार करायची वेळ आलीच तर फोनवर नेट चालत नाही एवढंच म्हणू नका, ते लगेच म्हणणार सर रिस्टार्ट करून बघा. एलओएस लाल आहे, सकाळी नऊपासून, शेजाऱ्याचा हिरवा आहे, असं एका दमात सांगायचं आणि तक्रार नंबर घ्यायचा, दिव्याचा फोटो काढून ठेवायचा. समोरच्याचा आवाज बदलतो, स्वतः बघितलंय.

हां, काकू. चौथ्या वेळी मी सांगितलं की माणूस आला तर संध्याकाळी सातलाच येऊ दे. आला बिचारा, त्याच्याकडे पेनासारखा लाल लेझर असतो, तो फायबरमध्ये सोडला की वायर जिथे मुरगळलीय तिथे बाहेरून लाल चमकते. हॉलचे दिवे घालवले, सगळे वायरीकडे बघतोय, कुठे काही नाही. तेवढ्यात काकूंना दिवेलागणीची वेळ झाली म्हणून त्यांनी वाती काढायला देव्हाऱ्याचा खण ओढला, आणि देव्हाऱ्यामागे टप्पोरा लाल ठिपका पेटला. खण आत ढकलला, गेला. ओढला, पेटला. वायर खणाच्या मागच्या फळीत अडकत होती. त्या पोराने क्लिप ठोकून वायर वर घेतली, दोन मिनिटांचं काम, आणि काकूंनी आधी त्याच्या हातावर साखर ठेवली, मग माझ्या.